टायटेनियमचा रेग्युलेटर: नवा घ्यावा, जुना घ्यावा, की पितळच बरं?

खोलपाणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. स्कूबा डायव्हिंगसाठी स्वतःचा रेग्युलेटर सेट (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) घ्यायचा आहे. आधी वापर सांगतो म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. वर्षातून एकदा अंदमान, म्हणजे हॅवलॉक किंवा नील, ८-१० डाइव्ह. दोनदा मालवण-तारकर्ली, जमलं तर एखादी नेत्राणी (कर्नाटकातलं बेट). नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा) ३२ टक्के ऑक्सिजनच्या पुढे जाणार नाही. थंड पाण्याचा बेत नाही.

समोर तीन पर्याय आहेत.

पहिला, जुना टायटेनियम सेट. बॅलन्स्ड पिस्टन (टाकी रिकामी होत आली तरी दाब तोच ठेवणारी रचना), योक (टाकीच्या व्हॉल्व्हवर पकडून बसणारी कडी), वय अंदाजे १० वर्षं, ऑक्टोपस (जोडीदारासाठी श्वासाचं जादा तोंड) साधा, शेवटची सर्व्हिस कधी झाली याचा कागद नाही. मागणी ७२,०००.

दुसरा, नवा पितळी क्रोमचा, सील्ड डायफ्राम (यंत्रणेत पाणी न जाऊ देणारा पडदा), ऑक्टोपस आणि गेजसकट. कोटेशन ५८,०००.

तिसरा, नवाकोरा टायटेनियम. तो दुसऱ्याच्या दुपटीच्याही पुढे जातो.

विक्रेत्याचं म्हणणं, "टायटेनियम आहे, खराब होणारच नाही." वजन खरंच किती वाचतं, गंजाच्या भीतीसाठी एवढे पैसे मोजावेत का, आणि जुना घ्यायचा तर काय काय तपासायचं, हे हवं आहे.

ओरिंग

प्रश्न नीट मांडलाय, त्यामुळे मुद्द्यालाच हात घालतो.

टायटेनियमची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ४.५ ग्रॅम, पितळेची ८.५ च्या आसपास. म्हणजे तोच भाग त्याच आकाराचा केला तर वजन निम्म्याच्या जरा वर राहतं. योकचा पितळी फर्स्ट स्टेज (टाकीवर बसून दाब उतरवणारा भाग) ८०० ग्रॅमचा धरला तर टायटेनियममध्ये तो ४२० च्या घरात येईल. सेकंड स्टेजची (तोंडात धरायच्या भागाची) पेटी बहुतेक मॉडेलांत प्लास्टिकचीच असते, धातूचा भाग आतल्या नळीपुरता, त्यामुळे तिथे फार तर ५०-१०० ग्रॅम. होज (हवेच्या नळ्या), गेज, ऑक्टोपस आहेत तेवढेच जड. सगळं धरून बचत अर्ध्या किलोच्या आत-बाहेर. जाहिरातीत "४० टक्के हलका" लिहिलेलं असतं ते नुसत्या धातूबद्दल खरं असतं, बॅगेत ठेवलेल्या अख्ख्या सेटबद्दल नाही.

श्वास घ्यायला सोपा जाणं न जाणं हे धातूवर अवलंबून नाही. ते व्हॉल्व्हची रचना, होलचा व्यास, लिव्हरची उंची आणि इंटरमीडिएट प्रेशर (फर्स्ट स्टेजमधून सेकंड स्टेजकडे जाणारा दाब) यांवर ठरतं. महागड्या टायटेनियम मॉडेलांचा श्वास छान लागतो कारण कंपनी आपली सर्वांत चांगली यंत्रणा त्याच मॉडेलात घालते. तीच यंत्रणा पितळेत मिळत असेल तर श्वास तोच. अ‍ॅटॉमिक कंपनीचंच घ्या. टी३ पूर्ण टायटेनियमचा, बी२ चा फर्स्ट स्टेज पितळी आणि सेकंड स्टेजमध्ये टायटेनियमचे भाग. किमतीत जवळपास दुपटीचं अंतर, पाण्यातल्या श्वासात तेवढं मुळीच नाही.

वजनकाटा

ओरिंग यांच्या हिशेबात एक ओळ जोडतो, ती कोणी सांगत नाही.

दोन्ही फर्स्ट स्टेजचा आकार सारखा, म्हणजे दोघेही सारखंच पाणी बाजूला सारतात. पण टायटेनियमचा ३८० ग्रॅमने हलका, तेव्हा पाण्यातही तो ३८० ग्रॅम कमी खेचणार. ती तूट पट्ट्यावरच्या शिशाने भरून काढावी लागते. शिसं स्वतः पाण्यात ९ टक्के वजन गमावतं, म्हणून साधारण ४०० ग्रॅम जादा शिसं. बोटीवर उचलायचं ओझं जिथल्या तिथे.

फायदा होतो तो फक्त विमानात, कारण शिसं तिकडे गेल्यावर डाइव्ह सेंटर देतं. पोर्ट ब्लेअरच्या स्वस्त तिकिटावर चेक-इन १५ किलो, हातात ७ किलो. त्यात अर्धा किलो मोलाचा आहे, मान्य. पण जाड जॅकेट बीसीडीच्या (हवा भरून तरंगायच्या जाकिटाच्या) जागी प्रवासी बीसीडी घेतली तर एका झटक्यात दीड किलो सुटतो, तोही कमी पैशांत. वजनासाठीच खर्च करायचा असेल तर आधी तिकडे करा.

देवबाग

गंजाबद्दल लिहितो. हा विषय किनाऱ्यावर रोज हाताखालून जातो.

टायटेनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो, ओरखडा गेला तरी लगेच परत बसतो. समुद्राच्या पाण्याने त्याला काहीही होत नाही. विक्रेता इथपर्यंत खरं बोलतोय. पितळेचं काय होतं? ताक पितळेच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, तसं क्रोम उडालेल्या जागी खारं पाणी बसलं की हिरवा कळंक चढतो. क्रोम आधी उडतो तो योकच्या आत, जिथे तो व्हॉल्व्हवर घासतो, आणि होज जिथे पिळून बसवतात त्या कडेला. पण हा कळंक वरवरचा असतो. पितळ जाड असतं. नीट धुतलेले पितळी फर्स्ट स्टेज २०-२५ वर्षं कामात असतात. किनाऱ्यावर भाड्याने फिरणारा माल बहुतेक पितळीच.

आता खरी गोष्ट. रेग्युलेटर बाद होतो तो अंग गंजून नाही, आत मीठ बसून. सीट (हवेचं भोक बंद करणारं मऊ बूच), ओ-रिंगा (सांधे हवाबंद करणाऱ्या रबरी कड्या), स्प्रिंग, फिल्टर हे टायटेनियमच्या सेटमध्येही रबराचे, प्लास्टिकचे, स्टीलचे आणि काशाचेच असतात. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या टायटेनियमच्या आत मिठाचे खडे असू शकतात, आणि पितळेसारखा हिरवा रंग फुटून तो तुम्हाला सावध करत नाही. म्हणून जुना टायटेनियम घेताना जास्त डोळे उघडे ठेवायचे.

धुण्याची एक खुबी आहे. अ‍ॅटॉमिकच्या सेकंड स्टेजमध्ये हवा बंद असताना ऑरिफिस (हवा येण्याचं भोक) सीटपासून मागे सरकतं. सीटवर खाच पडू नये म्हणून ही सोय आहे, आणि त्यांच्या २ वर्षं किंवा ३०० डाइव्हच्या लांब सर्व्हिस मुदतीचं तेही एक कारण. पण त्याचा दुसरा अर्थ असा की दाब नसताना तो व्हॉल्व्ह उघडाच असतो. इतरांसारखा तो हौदात बुडवून ठेवलात तर पाणी सेकंड स्टेजमधून होजमध्ये आणि होजमधून फर्स्ट स्टेजमध्ये उतरू शकतं, पर्ज (हवा सोडायच्या) बटणाला बोट न लावताही. हा सेट टाकीवर लावून, हवा चालू ठेवून, गोड्या पाण्यात धुवायचा. आमच्याकडे संध्याकाळी एकाच पिंपात सगळ्यांचे सेट पडतात आणि पाणी निम्मं खारं झालेलं असतं, तिथे ही शिस्त पाळणं कठीण.

आणखी एक. मालवणच्या पाण्यात गाळ. पिस्टनवाल्या फर्स्ट स्टेजमध्ये स्प्रिंगची खोली पाण्याला उघडी असते, ग्रीस भरून सील केलेली नसेल तर गाळ आणि बारीक वाळू तिथे जाऊन बसते. सील्ड डायफ्राममध्ये हा त्रास नाही. खोलपाणी यांचा दुसरा पर्याय या एका कारणाने मला जास्त पसंत आहे.

आमच्याकडचे जुने लोक एवढंच सांगतात, "पयली धुवूची सवय लावा, मगे टायटेनियमचो इचार करा."

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहितोय. धागाकर्त्याला थंडीचा प्रश्न नाही, पण हा धागा उद्या दुसरा कोणी वाचेल, म्हणून दोन धोके नोंदवतो.

थंडी. फर्स्ट स्टेजमध्ये हवा २०० बारवरून ९-१० बारवर उतरते आणि उतरताना शून्याच्या खूप खाली गार होते. त्या गारव्याला उष्णता कुठून मिळते? बाजूच्या पाण्यातून, धातूच्या अंगातून. उकळत्या आमटीत पितळी पळी ठेवली की दांडा लगेच चटका देतो, कारण पितळ उष्णता झटकन वाहून नेतं. टायटेनियम तसं नाही. पितळेची उष्णतावाहकता शंभराच्या पुढे, शुद्ध टायटेनियमची विशीच्या आसपास, आणि यंत्रभागांत वापरतात त्या मिश्रधातूची तर सातच्या जवळ. म्हणजे पाण्यातली ऊब आत पोचतच नाही. पिस्टनभोवतीच्या पाण्याचा बर्फ होतो, पिस्टन उघडा अडकतो, इंटरमीडिएट प्रेशर चढतं आणि सेकंड स्टेज धो-धो वाहू लागतो.

युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंशांखालचं पाणी म्हणजे थंड पाणी. त्या परीक्षेत न बसणाऱ्या रेग्युलेटरवर ">१० °से" असा शिक्का असतो. इथल्या स्टोनी कोव्हच्या खाणीत हिवाळ्यात पाणी ५-६ अंशांवर येतं. तिथे हा शिक्का असलेला सेट घेऊन उतरू नये. मॅन्युअलमध्ये १० अंशांखाली चालेल असं स्पष्ट लिहिलं असेल तरच चालेल.

ऑक्सिजन. हा धोका जास्त गंभीर. हवेत टायटेनियम शांत असतं, पण दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकणाऱ्या धातूंपैकी सर्वांत वाईट आहे. ताजा ओरखडा, एखादा कण आपटणं, व्हॉल्व्ह झटक्यात उघडल्याने तापलेला वायू, एवढं कारण पुरतं आणि मग अंगच जळतं. पितळ आणि मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) याबाबतीत सर्वांत सुरक्षित. म्हणून टायटेनियम रेग्युलेटरना कंपन्या ४० टक्क्यांची मर्यादा घालतात. ३२ ला अडचण नाही. पुढे कधी टेक्निकल डायव्हिंग शिकून ५० टक्के किंवा शुद्ध ऑक्सिजनची डेको टाकी (वर येताना थांबून वापरायची) घेणार असाल तर तिच्यावर हा फर्स्ट स्टेज कधीही लावायचा नाही, "ऑक्सिजन क्लीन" करून घेतला तरीही. साफ केल्याने तेल जातं, धातू बदलत नाही.

नाखवा

लेस्टरकर, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. मला वाटत होतं ४० टक्क्यांची अट फक्त ग्रीसमुळे असते.

एक शंका. बाजारात "टायटन", "टायटेनियम" अशी नावं फार दिसतात. ती सगळी टायटेनियमची का?

वजनकाटा

नाही. अ‍ॅक्वालंगचा टायटन हा क्रोम चढवलेला पितळी रेग्युलेटर, आणि चांगला मजबूत आहे, पण टायटेनियमचा त्याच्याशी संबंध नावापुरता. दुसरा प्रकार मुलाम्याचा. सोनेरी किंवा काळसर झाक असलेला टायटेनियम नायट्राइडसारखा थर दिलेला असतो, आत पितळच. तिसरा प्रकार, फक्त सेकंड स्टेजच्या दोन भागांत टायटेनियम. जुन्या मालाच्या जाहिरातीत हे तिन्ही सरसकट "टायटेनियम रेग्युलेटर" म्हणून खपवतात.

लोहचुंबकाने कळत नाही, पितळ आणि टायटेनियम दोन्ही त्याला चिकटत नाहीत. घासून ठिणगी बघण्याच्या फंदात तर कोणी पडू नये. सोपी रीत काट्याची. सर्व्हिसच्या वेळी तंत्रज्ञाने योक सुटा केला की तो सोनाराच्या काट्यावर तोला. मग दोऱ्याने बांधून, काट्याला टांगून, पूर्ण पाण्यात बुडवून तोला, भांड्याच्या तळाला न टेकवता. १०० ग्रॅमचा भाग पाण्यात ७८ च्या आसपास भरला तर टायटेनियम, ८८ भरला तर पितळ. स्टीलही ८७-८८ दाखवेल आणि क्रोम चढवलेलं पितळ स्टीलसारखंच पांढरट दिसतं, त्यामुळे त्या दोघांतला फरक असा कळत नाही, पण टायटेनियम नाही एवढं नक्की कळतं. बुडबुडे चिकटलेले असतील तर आकडा चुकतो, बोटाने पुसून घ्या.

हातालाही थोडं समजतं. रात्रभर एकाच खोलीत ठेवलेले दोन फर्स्ट स्टेज सकाळी हातात घ्या. पितळी गार लागतो, टायटेनियमचा तेवढा नाही.

खोलपाणी

फार उपयोगी. जुना सेट या शनिवारी बघायला मिळणार आहे. एक भरलेली टाकी आणि इंटरमीडिएट प्रेशर गेजची सोय होतेय. क्रमाने काय तपासू?

ओरिंग

न उघडता जेवढं कळतं तेवढं लिहितो. उघडायचं काम तंत्रज्ञाचं. टायटेनियमचे आटे तर विशेष नाजूक. कोरडे पिळले की एकमेकांत रुतून बसतात आणि मग नवा भाग घेण्यावाचून इलाज राहत नाही.

सुरुवात फिल्टरपासून. योकची टोपी काढा, आत शंकूसारखा किंवा चपटा जाळीदार फिल्टर दिसेल, त्यावर टॉर्च मारा. स्वच्छ धातूचा रंग असेल तर उत्तम. हिरवट असेल तर खारं पाणी आत गेलंय. तांबूस-तपकिरी असेल तर कधीतरी आतून गंजलेल्या स्टीलच्या टाकीवर वापरलाय. काळसर असेल तर कॉम्प्रेसरचा कोळसा किंवा तेल. देवबाग यांनी म्हटलं ना, टायटेनियमचं अंग बोलत नाही. फिल्टर बोलतो.

मग कोरडी चाचणी. टाकीवर न लावता फर्स्ट स्टेजचं तोंड टोपीने घट्ट बंद करा आणि सेकंड स्टेजमधून हलकेच हवा ओढा. ओढ लागून थांबली पाहिजे आणि ५-१० सेकंद धरून राहिली पाहिजे. हवा येत राहिली तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, डायफ्राम किंवा पेटीची चीर यांपैकी एक. पाण्यात याच वाटेने पाणी तोंडात येतं. ऑक्टोपसलाही हेच करा, तो दुर्लक्षितच असतो.

आता टाकीवर. बीसीडीच्या लो प्रेशर होजला गेज लावा, टाकीचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा. काटा ९ ते १० बारच्या दरम्यान थांबेल. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. पर्ज २०-२५ वेळा दाबा. प्रत्येक वेळी काटा खाली जाऊन त्याच जागी परत येऊन गच्च थांबला पाहिजे. त्यानंतर हात न लावता १० मिनिटं बघत राहा. पहिल्या काही सेकंदांत ०.२-०.३ बार चढून थांबला तर चालेल. मुंगीच्या पावलाने चढतच राहिला तर सीट गेली आहे किंवा पिस्टनच्या धारेला खाच आहे. हीच चाचणी टाकी ५० बारवर आल्यावर पुन्हा करा. बॅलन्स्ड सेटचा आकडा फारसा हलता कामा नये.

मग बादली. सेकंड स्टेज पर्जची बाजू खाली, माउथपीस वर अशी धरून हळूहळू पाण्यात उतरवा. फुस्स आवाज सुरू होताच थांबा, पाण्याच्या पातळीपासून डायफ्रामपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. अडीच ते चार सेंटिमीटर म्हणजे ठीक. पाच-सहा लागत असेल तर श्वास जड आहे. सेंटिमीटरभरात सुटत असेल तर जरा धक्का लागताच वाहेल. समायोजनाचा नॉब असेल तर तो पूर्ण सैल ठेवून मोजा.

शेवटी हवा चालू ठेवून फर्स्ट स्टेज बादलीत बुडवा आणि ५ मिनिटं बुडबुडे शोधा. योकची ओ-रिंग, फिरता टरेट (होज लावायचं फिरतं टोक), प्रत्येक होजचं तोंड, आणि मुख्य म्हणजे पिस्टनभोवतीची भोकं. त्या भोकांतून एकामागून एक बारीक बुडबुडे आले तर आतली पिस्टनची ओ-रिंग जाते आहे.

दर्या_दुबई

होज राहिले. उबदार, दमट हवेत पडून असलेल्या विणलेल्या लवचिक होजच्या आतल्या पॉलियुरेथेन नळीत पिवळसर स्फटिक धरतात. बाहेरून होज मऊ, नवा वाटतो. आतून स्फटिक सुटून सेकंड स्टेजमध्ये जातात, व्हॉल्व्ह बंद होऊ देत नाहीत किंवा हवाच अडवतात. मुंबई, कोकण, दुबई, सगळीकडे हवा याला पोषक. सेकंड स्टेजकडून होज सुटा करून आत टॉर्च मारा, सोनाराच्या भिंगाने बघा. दहा वर्षं जुन्या सेटवरचे होज मूळचेच असतील तर बघायचीही गरज नाही, सगळे बदला. ५ वर्षांच्या वर कुठलाच होज ठेवू नये.

रबरी होजवर प्लास्टिकची टोपी असते ना, क्रिम्पवरची (टोकाला होज दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवरची), ती मागे सरकवून बघा. चिरा तिच्याखालीच पडतात.

आणि होजची टोकं क्रोम-पितळेची, फर्स्ट स्टेज टायटेनियमचा. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की पडती बाजू पितळेची. वर्षानुवर्षं न सोडलेला होज फर्स्ट स्टेजच्या पोर्टमध्ये (होज पिळून बसवायच्या भोकात) असा रुतून बसतो की पाना घसरतो. तपासताना प्रत्येक होज सुटतोय ना, हे तंत्रज्ञाकडून बघून घ्या.

भरतीओहोटी

एक आडवा प्रश्न. हमीचं काय? कंपन्या "आजीवन हमी" लिहितात.

ओरिंग

अशी हमी सहसा पहिल्या मालकापुरती असते आणि वेळेवर अधिकृत सर्व्हिस केल्याचे कागद मागते. हातबदल झाला की संपली. खोलपाणी यांच्या सेटला कागदच नाहीत, तेव्हा ती शून्य धरून चाला.

याहून महत्त्वाचं म्हणजे किट. सीट आणि ओ-रिंगांचं किट बहुतेक कंपन्या फक्त अधिकृत केंद्रांना देतात. विकत घेण्याआधी फोन करून नेमकं मॉडेल आणि सिरियल नंबर सांगा आणि तीन गोष्टी विचारा. या मॉडेलचं किट आज हाताशी आहे का, नसेल तर किती दिवसांत येतं, आणि पिस्टन सुटा मिळतो का. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर तो सेट कितीही स्वस्त असला तरी महाग.

खोलपाणी

शनिवारची नोंद:

फिल्टर: कडेला हिरवट कडं, मध्ये स्वच्छ.
कोरडी चाचणी: मुख्य सेकंड स्टेज पास. ऑक्टोपस धरत नाही, हवा येते.
इंटरमीडिएट प्रेशर: १९० बार टाकीवर ९.२ ला थांबला, ५ मिनिटांत ९.९, दहाव्या मिनिटाला १०.२ आणि चढतच होता. टाकी ६० बारवर असतानाही तीच चाल.
बादली: ३ सेंटिमीटर.
बुडबुडे: नाहीत.
होज: मूळचे, विणलेले. एकाच्या आत पिवळट कण.
सर्व्हिस केंद्राचा अंदाज: दोन्ही स्टेज आणि ऑक्टोपस मिळून १४,०००, तीन नवे होज ९,०००. किट येतं, ३ आठवडे. पिस्टन सुटा मिळेल का ते कंपनीला विचारून सांगणार.

ओरिंग

चोख नोंद. आता वाचू या.

बादलीत ३ सेंटिमीटर म्हणजे सेकंड स्टेजची मांडणी ठीक. ऑक्टोपसचा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बदलला की काम होईल, तो किरकोळ खर्च. हिरवट कडं म्हणजे टोपी न लावता धुतलाय किंवा टोपी ओली असतानाच बसवलीय, पाणी थोडं गेलंय.

मुख्य दुखणं दाब चढण्याचं. दहा मिनिटांत एक बार, तोही न थांबता. असाच वापरला तर चढणारा दाब शेवटी सेकंड स्टेजला ढकलून उघडेल आणि पाण्यात तो वाहायला लागेल. कारण दोनच. सीट झिजलीय, ती किटमध्ये येते. किंवा पिस्टनच्या पातळ धारेवर ओरखडा आहे, बहुधा मिठाच्या खड्यामुळे किंवा सर्व्हिस करताना हत्यार लागल्यामुळे. कोणतं, हे उघडल्यावरच कळतं. तंत्रज्ञाने धार १० पट भिंगाखाली उजेडात फिरवून बघायची. तिच्यावर चमकणारा एकही ठिपका दिसला तर नवी सीट घालूनही ४-५ डाइव्हनंतर काटा परत चढणार. धार घासून "दुरुस्त" करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, तिचा कोन आणि गोलाई हातानं राखता येत नाही.

पैशांचं. ७२ अधिक १४ अधिक ९, म्हणजे ९५,०००, आणि पिस्टनची टांगती तलवार वेगळी. हमी नाही. समोर ५८,००० ला हमीसकट नवा पितळी. जुन्या टायटेनियमसाठी माझा ठोकताळा असा आहे की सर्व्हिस आणि होज धरून एकूण रक्कम त्याच तोडीच्या नव्या पितळी सेटच्या वर जाता कामा नये. म्हणजे ५८ वजा २३, हातात ३५,०००. तेही पिस्टनची धार भिंगाखाली स्वच्छ निघाली तर.

सागरगोटा

एवढं एकतर्फी होऊ नये म्हणून टायटेनियमची बाजू मांडतो. वर्षाला ३०० डाइव्ह करणारे प्रशिक्षक, ज्यांचा सेट आठ महिने रोज खाऱ्या हवेत टांगलेला असतो, त्यांचं गणित वेगळं आहे. क्रोम त्यांच्याकडे दोन हंगामांत उडतो. दर सर्व्हिसला कळंक काढायला अ‍ॅसिडमध्ये अंग बुडवावं लागतं आणि दरवेळी थोडा मुलामा जातो. टायटेनियमला ही आंघोळ लागतच नाही. सर्व्हिसची मुदत २ वर्षं किंवा ३०० डाइव्ह असली तर इतर अनेक कंपन्यांच्या २ वर्षं किंवा १०० डाइव्हच्या तुलनेत तीन सर्व्हिसच्या जागी एक. पाच-सहा वर्षांत जादा किमतीचा बराच भाग वसूल होतो. अशा माणसाने नवा घ्यावा, हमीसकट, आणि ज्या शहरात किट मिळतं तिथूनच.

देवबाग

सागरगोटा, पटलं. पण वर्षाला २०-२५ डाइव्हवाल्याला ते लागू नाही. त्याच्या बाबतीत २ वर्षांची मुदत आधी येते, ३०० चा आकडा कधी येतच नाही.

खोलपाणी

विक्रेत्याला ३५,००० आणि भिंगाखाली पिस्टन बघण्याची अट सांगितली. त्याला ५५ च्या खाली यायचं नाही आणि उघडूही द्यायचा नाही. विषय संपला. सील्ड डायफ्रामचा पितळी सेट मागवतोय. दुकानदार विचारतोय योक की डिन (व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी पिळून बसणारा)? माझ्या वापराला काय बरं?

वजनकाटा

डिन घ्या, सोबत योकचं अ‍ॅडॉप्टर. डिनचा फर्स्ट स्टेज योकपेक्षा २०० ग्रॅमच्या पुढे हलका असतो. टायटेनियमवर जे पैसे घालणार होतात, त्यातली निम्मी वजन-बचत इथे जवळपास फुकट मिळाली, अ‍ॅडॉप्टर बॅगेत न्यावं लागलं नाही तर. ओ-रिंग व्हॉल्व्हच्या आत कोंडलेली राहते, त्यामुळे ती उडण्याची भीती कमी.

अंदमानात आणि मालवणात टाक्या बहुतेक ११ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या, २०७ बारच्या. बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये मधली चकती अ‍ॅलन कीने सुटते आणि डिन थेट बसतो. चकती काढताना व्हॉल्व्ह बंद आणि तोंडातली हवा सुटलेली असली पाहिजे, आणि ती चकती बोटीवर हरवू नका, ती सेंटरची असते. जिथे चकती निघत नाही तिथे अ‍ॅडॉप्टर. अ‍ॅडॉप्टर लावल्यावर फर्स्ट स्टेज डोक्याकडे थोडा पुढे येतो, तेव्हा टाकी पट्ट्यात दोन बोटं खाली बांधा, नाहीतर मान वर केली की मागे आपटेल.

देवबाग

आणि डिनच्या आट्यांची रबरी टोपी मागून घ्या, पाणी आत जाऊ न देणारी. साधी प्लास्टिकची देतात ती सैल असते. टोपी लावण्याआधी आतून कोरड्या फडक्याने पुसा. टाकीच्या हवेचा झोत मारून वाळवू नका, त्या झोताने पाण्याचे थेंब थेट फिल्टरमध्ये जातात.